डीव्हीडीच्या पोटातला रंग

एखाद्या जुन्या लग्नाची डीव्हीडी प्लेअरमध्ये घाला. हळद, अक्षता व्यवस्थित दिसतात. पंगत सुरू झाली की चित्राच्या चौकोनी ठिकऱ्या उडायला लागतात आणि वरात काही केल्या येत नाही. त्याच कपाटातली विकत आणलेली सिनेमाची डीव्हीडी मात्र खणखणीत चालते. दिसायला दोन्ही सारख्या, पण जात वेगळी.

सिनेमाची डिस्क कारखान्यात साच्यातून निघते. तिच्यातली माहिती म्हणजे प्लॅस्टिकमध्येच उमटलेले बारीक खळगे. स्टुडिओवाल्यानं ‘राइट’ करून दिलेल्या डिस्कमध्ये ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्यांमध्ये सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो आणि त्याच्यामागे धातूचा आरसा. रायटरचा लाल लेझर तो रंग जागोजागी तापवून खुणा करतो. उन्हात वाळत घातलेल्या साडीसारखा हा रंगही उडतो. उष्णता आणि ओल त्याला हातभार लावतात.

लेखन मधल्या भोकाकडून कडेकडे जातं. कडेशी रंग एकसारखा पसरवणं अवघड, बोटं तिथंच लागतात, आणि दोन चकत्यांमधली चिकटवण सुटली तर ओल तिथूनच शिरते. म्हणून हळद वाचते, वरात जाते.

पावसाळ्यात कोल्हापुरात कपाटातल्या चपलांनाही बुरशी धरते. अशा गावात डिस्क टीव्हीशेजारच्या शोकेसमध्ये, खिडकीच्या उजेडात ठेवणं बरं नव्हे. अंधारं, कोरडं कपाट आणि डिस्क उभी राहील अशी कडक डबी, एवढं पुरे. वरती कागदी स्टिकर अजिबात नको, डिस्क वाकते.

आता खरेदी. वेष्टनावरचं नाव आणि डिस्क बनवणारा कारखाना एकच असेल असं नाही. खरा उत्पादक डिस्कमध्येच कोरलेल्या कोडवरून कळतो. तो वाचणारी मोफत सॉफ्टवेअर मिळतात. जाणकार ज्याच्या डिस्क शोधत फिरायचे, त्या जपानच्या ताइयो युदेननं २०१५ मध्ये हा धंदा सोडला. आपल्याकडे घरोघरी पोचलेल्या नोएडाच्या मोझर बेअरवर २०१८ मध्ये अवसायनाची, म्हणजे कंपनीच गुंडाळण्याची वेळ आली. तेव्हा जुन्या लौकिकावर विसंबू नका. आधी दोनचार डिस्क घ्या, राइट करून ‘व्हेरिफाय’ लावा, म्हणजे लिहिलेलं नीट वाचलं जातं का ते कळेल, मग गठ्ठा आणा.

खोक्यावरच्या ‘१०० वर्षं’चं काय? तेवढी वर्षं कुणी थांबलेलं नाही. डिस्क ८० अंश सेल्सिअसच्या आसपास, भरपूर दमट पेटीत ठेवतात, चुका किती वेगानं वाढतात ते मोजतात आणि त्यावरून घरातल्या तापमानाचा हिशेब मांडतात. अंदाज शास्त्रीय आहे, पण तो त्या पेटीतल्या डिस्कचा. शोकेसमधल्या तुमच्या डिस्कचा नव्हे. एम-डिस्क नावाच्या, खास टिकाऊ म्हणून विकल्या जाणाऱ्या डिस्कची १००० वर्षंही याच जातीची. तिच्यात सेंद्रिय रंगाऐवजी असेंद्रिय थर असतो, हा फायदा मात्र खरा.

माझं मत विचाराल तर पाहायची डिस्क वेगळी आणि जपायची वेगळी ठेवा. घरच्या जुन्या प्लेअरसाठी साधी एकथरी, ४.७ जीबीची डीव्हीडी-आर. डीव्हीडी-व्हिडिओ स्वरूपात, मध्यम वेगानं लिहून फायनलाइज केलेली, म्हणजे लेखन बंद करून इतर प्लेअरना वाचता येईल अशी. पुसून पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू नको, तिच्यावरून प्रकाश कमी परततो आणि जुने प्लेअर अडतात. जपण्यासाठी २५ जीबीची ब्लू-रे आर घ्या. तिचा थर बहुधा असेंद्रिय असतो. ‘एलटीएच’ लिहिलेली तेवढी टाळा, तिच्यात पुन्हा सेंद्रिय रंगच येतो.

पुसायची एक रीत आहे. मऊ कापड, मधून कडेकडे सरळ. गोल-गोल कधीच नाही. डीव्हीडीवर माहितीबरोबर गणिती दुरुस्तीचे जादा अंकही लिहिलेले असतात, त्यामुळे माहितीच्या गोल फिरणाऱ्या मार्गाला आडवा गेलेला लहान ओरखडा प्लेअर स्वतःच भरून काढतो. तोच ओरखडा मार्गाच्या दिशेनं गेला तर एका जागची सलग माहिती खातो आणि तिथं दुरुस्ती पुरी पडत नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या घरात पंचगंगेचं पाणी शिरलं, त्यांच्याकडं गाळ बसलेल्या डिस्क अजून पडून असतील. वाळलेला गाळ नखानं खरवडू नका. आधी स्वच्छ पाण्यात भिजवून सुटू द्या, मग पुसा. आणि एकदा चालली की त्याच बैठकीत हार्ड डिस्कवर उतरवून घ्या.