व्हॉट्सॲप बिझनेसला टीम चॅट समजू नका

नागपुरात इतवारीतील ठोक दुकान असो, वाडीतील गोदाम असो की हिंगणा एमआयडीसीतील कारखाना असो, कर्मचाऱ्यांच्या आपसांतील संवादासाठी एखादे साधन, म्हणजे टीम चॅट, घ्या असे सुचवले की उत्तर ठरलेले असते : “आमच्याकडे व्हॉट्सॲप बिझनेस आहे, मग वेगळं ॲप कशाला?” हा समज इतका पक्का आहे की संगणकाची कामे पाहणारे काही सल्लागारसुद्धा तोच पुढे चालवतात. त्यामुळे लहान उद्योगांचे जे नुकसान होते ते टाळता येण्याजोगे असते, म्हणून या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहणे आवश्यक आहे.

व्हॉट्सॲप बिझनेस सर्वांच्या परिचयाचे आहे. २०१८ साली आलेले हे ॲप दुकानदाराने गिऱ्हाइकाशी बोलावे यासाठी आहे. मालाची यादी, ठरावीक उत्तरे, दुकान बंद असतानाचा संदेश, गिऱ्हाइकांना लावायची लेबले, अशा त्याच्या सगळ्या सोयी बाहेर तोंड करून आहेत. आपल्याच दहा माणसांनी आपसांत काम कसे चालवावे, यासाठी त्यात साध्या व्हॉट्सॲपपेक्षा फारसे वेगळे काही नाही. याउलट स्लॅक (२०१४), मायक्रोसॉफ्ट टीम्स (२०१७), गूगल चॅट आणि झोहो क्लिक ही साधने संस्थेच्या आतील माणसांसाठीच बांधलेली आहेत. त्यांत विषयवार चॅनेल, म्हणजे प्रत्येक विषयाच्या बोलण्याचे वेगळे कप्पे, असतात, एखाद्या संदेशाखालीच त्याची चर्चा चालते आणि जुने बोलणे शोधून काढता येते.

व्हिडिओ कॉल, इमोजी, फाइलचा आकार, ग्रुपमध्ये किती माणसे मावतात, या मुद्द्यांवर मी वेळ घालवणार नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये १०२४ सदस्य बसतात; नागपुरातील बहुतेक आस्थापनांना ती मर्यादा कधी आड येणार नाही. तुलनेचे तक्ते मात्र अशाच बाबींनी भरलेले असतात, आणि ज्या एका प्रश्नावर सगळे अवलंबून आहे तो त्यांत नसतो. तो प्रश्न असा, की हे संभाषण कोणाच्या मालकीचे आहे?

व्हॉट्सॲपवर खाते असते ते फोन नंबराचे, आणि संभाषण राहते ते ज्याच्या त्याच्या फोनमध्ये. टीम चॅटमध्ये खाते संस्था देते, संभाषण संस्थेच्या जागेत राहते आणि कर्मचारी तेथे प्रवेशापुरता येतो. इतवारीतील जुन्या पेढीत मुनीम बदलला तरी वही गादीवरच राहत असे. व्हॉट्सॲपवर चालणाऱ्या पेढीत प्रत्येक मुनीम आपली वही खिशात घालून घरी नेतो.

समजा, हिंगण्यातील एका कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तयार होतात. मंगळवारी दुपारी ग्राहकाकडील खरेदी अधिकारी सुपरवायझरला व्यक्तिगत संदेश पाठवतो की भोकाचा व्यास १२ ऐवजी १२.५ मिलिमीटर ठेवा. सुपरवायझर बदललेल्या ड्रॉइंगचा फोटो ‘प्रॉडक्शन’ ग्रुपवर टाकतो आणि खुलासा व्हॉइस नोटमध्ये करतो. दोन महिन्यांनी तो नोकरी सोडतो. त्याच्या जागी आलेल्या माणसाला ग्रुपमध्ये घेतले जाते, पण त्याच्यासमोर कोरा पडदा असतो. मागचे बोलणे कोणीतरी मुद्दाम पुढे पाठवले तरच त्याला मिळते. दुसऱ्या कोणी तो फोटो वेळेवर डाउनलोड केला नसेल, तर ॲप त्याला तो पाठवणाऱ्याकडून पुन्हा मागवायला सांगते, आणि पाठवणारा तर केव्हाच गेलेला असतो. ग्राहकाने बदल ज्यात सांगितला तो मूळ संदेश ग्रुपवर कधी आलाच नव्हता. तो सुपरवायझरच्या फोनसोबत गेला. पुढचा लॉट १२ मिलिमीटरचा निघाला, तर दोष कोणाचा हे दाखवायला कारखान्याकडे काहीही उरत नाही.

हीच गोष्ट उलट दिशेनेही घडते. गेलेल्या माणसाला प्रत्येक ग्रुपमधून एकेक करून काढावे लागते, आणि एखादा ग्रुप हमखास राहून जातो. सगळ्या ग्रुपमधून काढले तरी आजवरचे दर, पार्ट्यांची नावे, कोणाचे किती येणे आहे, हे सारे त्याच्या फोनमध्ये तसेच राहते. टीम चॅटमध्ये प्रशासकाने त्याचे खाते एकदा बंद केले की सर्व चॅनेलचे दार एकाच वेळी लागते, आणि त्याने लिहिलेले मात्र त्याच्या नावासह जागच्या जागी राहते. नवा माणूस त्याच चॅनेलमध्ये येऊन पहिल्या दिवसापासूनचे वाचू शकतो.

येथे एक युक्तिवाद नेहमी पुढे येतो : व्हॉट्सॲप एन्क्रिप्टेड आहे, म्हणजे त्यातील संदेश सांकेतिक रूपात जातात, त्यामुळे ते धंद्यासाठी अधिक सुरक्षित आहे. ते एन्क्रिप्टेड आहे हे खरे, २०१६ पासून आहे, आणि बहुतेक टीम चॅट साधनांत चॅनेलमधील बोलण्याला त्या प्रकारचे एन्क्रिप्शन नसते हेही खरे. परंतु त्या एन्क्रिप्शनमुळे वाटेतील तिऱ्हाइताला संदेश वाचता येत नाही, एवढेच साधते. नोकरी सोडून गेलेला सेल्समन वाटेतील तिऱ्हाईत नसतो. संदेश त्याच्याच हातात पोहोचलेला असतो. सुरक्षितता आणि मालकी या दोहोंची अशी गल्लत केल्यामुळे अनेक मालक चुकीच्या दारावर कुलूप लावतात.

मालकीचा प्रश्न वादाच्या वेळी अधिकच बोचतो. भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला. त्याच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून दाखल करताना, ते उपकरण किंवा संबंधित कामकाज ज्याच्या ताब्यात आहे त्याचे, आणि शिवाय तज्ज्ञाचे, प्रमाणपत्र जोडावे लागते. उपकरण म्हणजे नाराज होऊन गेलेल्या माणसाचा खासगी फोन असेल, तर ते प्रमाणपत्र कोण देणार?

आणखी एक बाब थोडक्यात, पण आग्रहाने सांगतो. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये प्रत्येकाचा खासगी नंबर सर्वांना दिसतो. कामासाठी म्हणून एखाद्या महिला कर्मचाऱ्याचा नंबर ड्रायव्हरपासून बाहेरच्या ठेकेदारापर्यंत सगळ्यांच्या हाती जाणे मला मुळीच मान्य नाही. एवढ्या एका कारणासाठीही वेगळे साधन घेणे योग्य ठरते.

अलीकडे या गोंधळात अरट्टाईची भर पडली आहे. २०२५ च्या सप्टेंबरअखेरीस ते एकदम चर्चेत आले आणि अनेकांनी “आम्ही आता झोहोचं टीम चॅट वापरतो” असे सांगायला सुरुवात केली. अरट्टाई हा झोहोने व्हॉट्सॲपला दिलेला पर्याय आहे; त्याचेही खाते फोन नंबरावर चालते. झोहोचे टीम चॅट म्हणजे क्लिक. अरट्टाईवर ग्रुप हलवल्याने वर सांगितलेल्यांपैकी एकही अडचण सुटत नाही.

आता निवडीविषयी. एकाच दुकानात चार-पाच माणसे समोरासमोर बसत असतील, तर काहीही घेऊ नये. माणसे दहाच्या पुढे गेली, कामाच्या जागा दोन झाल्या किंवा माणसे वारंवार बदलू लागली, की टीम चॅट घ्यावे. ईमेलसाठी आधीच गूगल वर्कस्पेसचे पैसे भरत असाल, तर गूगल चॅट त्यातच मिळते. वेगळे विकत घेण्याचे कारण नाही, फक्त हिस्टरी चालू ठेवा, कारण ती बंद असताना लिहिलेले संदेश २४ तासांत पुसले जातात. मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर टीम्स वापरावे, मात्र आता टीम्सविना असलेले प्लॅनही विकले जातात, म्हणून आपल्या प्लॅनमध्ये ते आहे याची खात्री करावी. यांपैकी काहीच नसेल तर माझी पसंती क्लिकला आहे. स्लॅक मला वापरायला सर्वांत आवडते, पण त्याच्या मोफत प्लॅनची शिफारस मी कोणालाही करत नाही : त्यात मागचे ९० दिवसच दिसतात आणि वर्षापेक्षा जुने संदेश कायमचे काढून टाकले जातात. ज्या नोंदीसाठी साधन घ्यायचे, तीच त्यात टिकत नाही.

साधन कोणतेही घेतले तरी कर्मचाऱ्यांची खाती त्यांच्या खासगी जीमेलवर उघडू देऊ नयेत, संस्थेच्या डोमेनच्या, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या नावाच्या, ईमेलवरच उघडावीत. मुख्य प्रशासकाचा अधिकार मालकाकडे किंवा भागीदाराकडे असावा. ज्याने सेटअप करून दिला त्या बाहेरच्या माणसाकडे तो राहिला, तर मालकीचा प्रश्न फक्त जागा बदलतो. व्हॉट्सॲप बिझनेस गिऱ्हाइकांसाठी जरूर चालू ठेवावे. त्याचे सिम मात्र संस्थेच्या नावावर हवे, फोन दुकानातच राहायला हवा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन मालकाला ठाऊक हवा. गिऱ्हाइकाने तेथे दर मान्य केला किंवा मापात बदल सांगितला, की ज्याने तो संदेश वाचला त्याने त्याच दिवशी तो संबंधित चॅनेलमध्ये लिहून ठेवावा, आणि व्हॉइस नोट न टाकता अक्षरांत लिहावा, म्हणजे पुढे शोधताना तो सापडेल.