ध्रुवित गॉगल

पाणी, ओला रस्ता, गाडीचे बॉनेट अशा साधारण आडव्या पृष्ठभागांवरून डोळ्यांवर येणारी तिरीप गाळणारा चष्मा. बोलीत ‘पोलराइज्ड गॉगल’. साधा काळा गॉगल सगळाच प्रकाश कमी करतो, त्यामुळे तिरीप मंद होते तसे तिच्याआडचे दृश्यही मंद होते. ध्रुवित काच मात्र कंपनाची दिशा पाहून प्रकाश निवडते.

सूर्यप्रकाशाची कंपने त्याच्या मार्गाशी काटकोनात, पण वरखाली, आडवी, तिरकी अशी सर्व दिशांनी होत असतात. पाण्यावरून परावर्तित होताना त्यात आडव्या कंपनांचा वाटा वाढतो. यालाच ध्रुवण म्हणतात. गॉगल ही आडवी कंपने अडवतो आणि उभी जाऊ देतो. १८०८ मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ एत्येन-लुई माल्यूस यांनी पॅरिसमधील लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवर पडलेले सूर्याचे प्रतिबिंब कॅल्साइट या, एका वस्तूच्या दोन प्रतिमा दाखवणाऱ्या खनिजाच्या स्फटिकातून पाहिले. स्फटिक फिरवताना दिसणाऱ्या दोन प्रतिमा आळीपाळीने मंद होत होत्या. पुढे १८१५ मध्ये स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी, ज्या कोनात परावर्तित प्रकाश पूर्ण ध्रुवित होतो तो कोन अपवर्तनांकाशी (पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो हे सांगणाऱ्या आकड्याशी) जोडून दाखवला. पृष्ठभागाच्या लंबापासून मोजल्यास हा कोन पाण्यासाठी सुमारे ५३°, तर काचेसाठी सुमारे ५६° असतो. त्यामुळे एकाच तळ्यावरची तिरीप एका वेळी जवळजवळ नाहीशी होते, तर सूर्य सरकल्यावर बरीचशी तशीच राहते. उघड्या धातूच्या चकाकीवर हा गॉगल फारसा चालत नाही.

गॉगलमधली फिल्म सहसा पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची असते. ती ताणली की रेणूंच्या लांब साखळ्या एका दिशेत येतात. त्यांत आयोडीन किंवा रंगद्रव्य मुरवतात. साखळीला समांतर कंपने शोषली जातात, काटकोनातली पार होतात. म्हणजे उभी कंपने हवीत तर साखळ्या आडव्या लागतात. कुंपणाच्या उभ्या फटींतून हलणाऱ्या दोरीचा लोकप्रिय दाखला (उभ्या फटीतून उभे कंपनच पार होते) इथे नेमकी उलटी समजूत करून देतो. अशी फिल्म अमेरिकी संशोधक एडविन लँड यांनी १९३८ मध्ये तयार केली. त्यांच्या आधीच्या फिल्ममध्ये सूक्ष्म स्फटिक बसवलेले असत.

गॉगल घालून मोबाइल हळूहळू फिरवला तर एका स्थितीत अनेक पडदे काळे पडतात, कारण त्यांतून येणारा प्रकाशही ध्रुवित असतो. उपकरणांचे पडदे असे दिसेनासे होण्याचा धोका असल्याने वैमानिकांना हे गॉगल टाळायला सांगतात. अतिनील किरण अडवणे हे वेगळे काम आहे. त्याची खात्री स्वतंत्रपणे करावी लागते. आणि मान खांद्याकडे कलती केली की गाळलेली तिरीप पुन्हा दिसू लागते.