डाग वरच्या मजल्यावर, स्ट्रेच मार्क खालच्या

चेहऱ्यावरचे काळे डाग आणि पोटावरचे स्ट्रेच मार्क एकाच क्रीमने घालवायचा खटाटोप अनेक जण करतात. पण हे दोघे एका मजल्यावर राहतच नाहीत.

डाग बहुधा बाह्यत्वचेत असतो. तिच्या तळाशी मेलॅनिन बनवणाऱ्या पेशी असतात. ऊन लागलं, पुटकुळी फोडली, कातडी खसाखसा घासली की त्या जास्तीचा रंग बनवतात आणि आजूबाजूच्या पेशींना वाटतात. रंग घेतलेल्या पेशी वर सरकून गळून पडायला साधारण ४ ते ६ आठवडे जातात. त्यामुळे आठ दिवसांत मलमाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. डागांच्या क्रीममधलं नायसिनमाइड या रंगवाटपात आडवं येतं, तर अझेलाइक ॲसिड रंग बनवणाऱ्या विकरालाच (एन्झाइमला) आवरतं. मात्र सनस्क्रीन नसेल तर दोन्ही व्यर्थ. वांग (गालांवर, कपाळावर पडणारे तपकिरी चट्टे) असेल तर नुसता साधा प्रकाशही डाग गडद करतो. तिथे आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन जास्त उपयोगी. (मानेवरची मखमली काळी कातडी मळ नसून मधुमेहाकडे झुकल्याची खूण असू शकते. ती घासत बसण्याआधी रक्तातली साखर तपासावी.)

आणि लिंबू? त्वचेचा सामू (pH, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) ५ च्या आसपास, लिंबाच्या रसाचा २ ते ३. शिवाय लिंबातली काही रसायनं उन्हाशी मिळून कातडी भाजतात आणि मागे आधीपेक्षा गडद डाग ठेवतात.

स्ट्रेच मार्कचं दुखणं खाली, अंतस्त्वचेत. गरोदरपणात, वयात येताना किंवा वजन भराभर वाढताना तिथले कोलॅजन आणि इलॅस्टिनचे धागे तुटतात. खूण आधी लालसर-जांभळी असते, मग पांढरी पडते. पांढरी खूण म्हणजे मुरलेला व्रणच. तिच्यात उजळवायला रंगच उरलेला नसतो. कोको बटर आणि ऑलिव्ह तेल गरोदर स्त्रियांवर रीतसर तपासून झालं आहे, त्यांनी स्ट्रेच मार्क टळत नाहीत. मालिशने बरं वाटतं, कोरडेपणा कमी होतो, तेवढंच. लाल असतानाच डॉक्टरांच्या सल्ल्याने ट्रेटिनॉइन हे मलम लावलं तर थोडा फरक पडतो, पण गरोदरपणात ते वर्ज्य. पांढऱ्या खुणा लेझरनेही फिकट होतात, पुसल्या जात नाहीत.

दोन्ही मजल्यांवर परिणाम करणारं एक क्रीम मात्र आहे: स्टिरॉइडचं. गोरेपणाच्या नादात लावलेलं हे क्रीम सुरुवातीला डाग उजळवतं. महिनोन्‌महिने लावत राहिलं, तर कातडी पातळ करून त्याच जागी स्ट्रेच मार्क उमटवतं.