बँकेचा प्रोजेक्ट रिपोर्ट आणि गुंतवणूकदाराचा बिझनेस प्लॅन

कंपन्यांमध्ये जाऊन फिजिओथेरपी, समुपदेशन, आहारसल्ला देणारा व्यवसाय उभा करताना हे दोन कागद हमखास एकमेकांत मिसळतात. सीएकडून करून घेतलेला प्रोजेक्ट रिपोर्ट गुंतवणूकदाराला पाठवला जातो, नाहीतर गुंतवणूकदारासाठी केलेल्या स्लाइड्स बँकेच्या शाखेत दिल्या जातात. दोन्हीकडून नकार आला की कल्पनेतच खोट आहे असं वाटू लागतं. अनेकदा चूक फक्त कागदाच्या निवडीत असते. हप्ता कुठून येणार, हे बँकेला हवं असतं. धंदा किती वाढेल आणि वाढताना पैसा उरेल का, हे गुंतवणूकदाराला.

एक उदाहरण धरू. चाकण-तळेगाव पट्ट्यातल्या ८ कंपन्या, प्रत्येकी ३०० कर्मचारी, दर माणशी महिना १२० रुपये. एका कंपनीचं मासिक बिल ३६,००० रुपये. त्यातले २१,६०० फिजिओ, समुपदेशक आणि प्रवासावर गेले, १४,४०० उरले. आठ कंपन्यांची वर्षाची उलाढाल ३४ लाख ५६ हजार. ऑफिस आणि कायम पगार वजा जाता, कर्जाचे हप्ते भरण्याआधी हातात ४ लाख २० हजार राहतात असं समजा.

आता बँक. १० लाखांचं मुदत कर्ज ११ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे २१,७४० रुपये, म्हणजे वर्षाला २ लाख ६१ हजार. ४.२० ला २.६१ ने भागलं की १.६ येतं. हा डीएससीआर, म्हणजे हातातली रक्कम हप्त्यांच्या किती पट आहे ते, आणि तो दिसायला ठीक आहे. पण एक कंपनी सोडून गेली तर वर्षाचे १ लाख ७२ हजार ८०० कमी होतात आणि कराचा परिणाम बाजूला ठेवला तर आकडा ०.९५ वर येतो. हप्ता खिशातून भरावा लागेल. ही शक्यता अहवालात आपणच मांडावी आणि कराराची मुदत, नोटिशीचा काळ सोबत जोडावा. मॅनेजर ते विचारणारच आहे.

सगळ्यात जास्त घात होतो तो खेळत्या भांडवलात, म्हणजे बिलाचे पैसे येईपर्यंत खर्च चालवायला लागणाऱ्या पैशात. मोठी कंपनी ७५ दिवसांनी पैसे देते आणि समुपदेशकाचा पगार ७ तारखेला द्यायचा असतो. म्हणजे अडीच महिन्यांचं बिल, ७ लाख २० हजार, कायम बाहेर. शिवाय ज्या सेवांवर १८ टक्के जीएसटी लागतो, त्याचा भरणा पैसे हाती येण्याची वाट पाहत नाही. सगळं बिल करपात्र असेल तर तो महिन्याला ५१,८४० रुपये. छोट्या उद्योगांच्या खेळत्या भांडवलाचा हिशेब बँका उलाढालीवरून करतात. उलाढालीच्या २५ टक्के गरज धरायची, त्यातले २० टक्के बँकेचे, ५ टक्के आपले. इथे बँकेचा वाटा ६ लाख ९१ हजार होतो. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून तिचा क्रमांक बिलावर छापा. एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायदा, २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशिरावर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. ग्राहकाशी भांडायचं नसलं तरी करारात ४५ दिवस लिहून घ्या.

तारण नसल्यास सीजीटीएमएसईची, म्हणजे छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या न्यासाची, हमी मिळू शकते. ती बँकेच्या संरक्षणासाठी असते. हमी मिळाली म्हणून तुमचं कर्ज माफ होत नाही, हे पुष्कळांना उशिरा कळतं.

गुंतवणूकदाराच्या कागदात डीएससीआर लागत नाही. तिथे एका ग्राहकाचं गणित लागतं. मोफत शिबिर, भेटीगाठी, सादरीकरणं धरून एक कंपनी मिळवायला ६०,००० खर्च झाला तर महिना १४,४०० च्या हिशेबाने तो भरून निघायला चार महिन्यांहून थोडं जास्त लागतं. तीन महिन्यांच्या चाचणीनंतर कंपनी थांबली तर १६,८०० रुपये बुडाले. म्हणून चाचणी सहा महिन्यांची आणि पैसे घेऊनच करावी. बाजारपेठ दाखवताना ‘देशातल्या एवढ्या कोटी नोकरदारांपैकी १ टक्का’ हे वाक्य नको. पट्ट्यातल्या ५०० हून अधिक कामगारांच्या कारखान्यांची यादी करा. तिथे ॲम्ब्युलन्स रूम कायद्यानेच लागते, म्हणजे आरोग्याशी संबंधित माणूस आणि खोली आधीच असते. मात्र धोकादायक प्रक्रियेतल्या कामगारांची सक्तीची तपासणी आणि तुमची सेवा यांचं बजेट एकच धरू नका. पहिली थांबवता येत नाही, दुसरी मंदीत सगळ्यात आधी कापली जाते.

या कागदात गोपनीयतेवर एक पान हवंच. कर्मचाऱ्याचं नाव एचआरकडे गेलं की समुपदेशनाला कोणी फिरकत नाही, वापर घसरतो आणि करार नूतनीकरण होत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. कंपनीला फक्त एकत्रित आकडे, तेही छोट्या गटाचे नाहीत, असं स्पष्ट लिहा. बँक हे क्वचितच विचारेल.

दोन्ही कागद एकाच एक्सेल शीटमधून निघाले पाहिजेत. गुंतवणूकदारासाठी फुगवलेली उलाढाल बँकेच्या अहवालात गेली तर पुढच्या वर्षी जीएसटी विवरणपत्राशी ती जुळत नाही, आणि खेळत्या भांडवलाची मर्यादा नूतनीकरणाच्या वेळी कमी होते.