लिफ्टनंतर जिमनीचं स्टेअरिंग तरंगतं का?

मारुतीच्या जिमनीला दोन इंचांची लिफ्ट बसवली, म्हणजे उंच स्प्रिंग लावून गाडी वर उचलली, गाडी रुबाबदार दिसायला लागली, खडकांवर पोट घासणं थांबलं. मग एक्सप्रेसवेवर नेली आणि स्टेअरिंग हातात तरंगायला लागलं. वळणानंतर चाकं आपणहून सरळ येत नाहीत, शेजारून ट्रक गेला की गाडी भरकटते. लिफ्ट केलेल्या जिमनीचे मालक आमच्याकडे बहुतेक हीच तक्रार घेऊन येतात. टो, म्हणजे पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत तो कोन, आधीच कुठेतरी करून घेतलेला असतो, तरी फरक नसतो. दुखणं टोमध्ये नाहीच, कॅस्टरमध्ये आहे.

सायकलचा पुढचा चिमटा बघा. तो वरच्या बाजूला मागे, बसणाऱ्याकडे झुकलेला असतो. हात सोडले तरी सायकल सरळ धावते, त्यात या तिरकेपणाचा वाटा असतो. गाडीची पुढची चाकं ज्या आसाभोवती वळतात त्यालाही तसाच झुकाव दिलेला असतो. त्यालाच कॅस्टर म्हणतात.

जिमनीला पुढे दोन्ही चाकांना जोडणारा अखंड अ‍ॅक्सल आहे. त्याला पक्के धरलेले दोन आर्म मागे जाऊन चॅसीला बुशमध्ये, म्हणजे रबरी नळीत, बसतात. स्प्रिंग उंच केली की चॅसी वर जाते, आर्म पुढून खाली झुकतो आणि अ‍ॅक्सलही त्याच्याबरोबर फिरतो. आर्म 800 मिमी लांब धरला आणि गाडी 50 मिमी उचलली, तर हा फेर साडेतीन अंशांचा होतो. मुळात कॅस्टर असतो मोजक्याच अंशांचा, त्यातून एवढा गेला तर उरणार काय? आणि कारखान्यातून आलेल्या जिमनीत तो बदलायची सोय नाही, टो तेवढा करता येतो.

50 मिमीपर्यंतच्या लिफ्टला आम्ही ऑफसेट बुश सुचवतो. यात बोल्टचं भोक मधोमध नसून एका बाजूला सरकवलेलं असतं, त्यामुळे अ‍ॅक्सल परत मागे फिरतो. बुश प्रेसवर बसवताना त्यावरच्या खुणेची दिशा तपासावीच लागते. उलटा बसला तर होता तोही कॅस्टर जातो. दुसरं म्हणजे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चारही चाकांवर उभी असताना. गाडी हवेत लटकत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. काम कुठेही करून घ्या, पण या दोन गोष्टी उभं राहून बघा.

आर्म खाली घेणारे ब्रॅकेटही मिळतात. त्यांनी कोन छान सुधारतो, पण ते चॅसीखाली लोंबतात आणि खडकावर आधी तेच आपटतात. लिफ्ट 50 मिमीहून जास्त असेल तर सुधारित कोनाचे आर्मच घ्यावेत. खर्च जास्त आहे, पण आम्ही दुसरं काही सुचवणार नाही. जिप्सीसारख्या पाट्यांच्या गाडीत हेच काम पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पाचर घालून होतं.

कॅस्टर वाढवला की पुढच्या डिफरन्शियलचं तोंड खाली जातं आणि त्याला ताकद पोचवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटवर ताण येतो. फोर-हायमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देऊन नेहमीच्या वेगात चालवताना, गुणगुण ऐकू आली तर आम्हाला सांगा. म्हणूनच जास्तीत जास्त कॅस्टर देण्याच्या मागे आम्ही लागत नाही.

लिफ्टमुळे पॅनहार्ड रॉड, म्हणजे अ‍ॅक्सलला चॅसीखाली आडवा धरून ठेवणारा दांडा, तिरका होतो आणि अ‍ॅक्सल काही मिलिमीटर एका बाजूला ओढला जातो. कमीजास्त करता येणाऱ्या रॉडने तो मधोमध आणतो. मग स्टेअरिंगला चाकांशी जोडणाऱ्या दांड्याने, म्हणजे ड्रॅग लिंकने, स्टेअरिंग सरळ करतो. हे टाळू नका. ईएसपी, म्हणजे गाडी घसरू लागली की आपणहून ब्रेक लावणारी यंत्रणा, स्टेअरिंगच्या कोनावर चालतं. गाडी सरळ जाताना स्टेअरिंग वाकडं असेल तर ते नको तेव्हा ब्रेक लावू शकतं.

स्टेअरिंग जोरात थडथडत असेल तर मात्र आधी किंगपिनची, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या खिळीची, बेअरिंग आणि पॅनहार्डचे बुश तपासून घ्या. तिथे ढिलाई असेल तर नुसता कॅस्टर वाढवून काही होत नाही, आणि स्टेअरिंगचे हादरे शोषणारा नवा डॅम्पर ते दुखणं झाकून ठेवतो इतकंच. अशी गाडी आम्ही आधी ढिलाई काढल्याशिवाय परत देत नाही.

लिफ्ट करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत, वॉरंटीचाही प्रश्न येतो.

येताना लिफ्टचा बॉक्स किंवा बिल आणा आणि टायरमध्ये रोजची हवा ठेवा. सामान नेहमीचंच असू द्या, कारण कोन आम्ही त्याच वजनावर मोजतो. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही छापील कागद तुम्हाला मिळतील.