सहीआधी पोलाद: जुन्या जपानी तलवारींची पारख

२०२० साली जपानच्या ओकायामा प्रांतातील सेतोउची या लहान शहराच्या प्रशासनाने लोकांकडून देणग्या गोळा करून ५० कोटी येनना एक तलवार विकत घेतली. ‘सान्चोमो’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तलवारीला जपानने राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिला आहे, पण ती घडवणाऱ्या लोहाराची सही तिच्यावर नाही. तरीही ती तेराव्या शतकातील, बिझेन (आजच्या ओकायामातील जुना प्रांत) परंपरेतल्या फुकुओका इचिमोंजी या लोहार घराण्याची आहे, असे जाणकार मानतात. हा निर्णय पात्याच्या पोलादावरून घेतला जातो, आणि त्यामागचे धातुशास्त्र समजून घेण्याजोगे आहे.

तलवारीच्या पारखीला जपानीत ‘कांतेई’ म्हणतात. तिच्या अभ्यासवर्गात मुठीत जाणारा पात्याचा भाग, म्हणजे ‘नाकागो’, मुद्दाम झाकून ठेवतात, कारण सही तिथेच कोरलेली असते. अभ्यासकाने आधी उरलेले पाते वाचायचे असते. घाट पाहून काळाचा अंदाज येतो. कामाकुरा काळाच्या (बाराव्या शतकाची अखेर ते १३३३) आरंभीच्या तलवारींचा बाक मुठीजवळ खोल असतो, चौदाव्या शतकाच्या मध्यावरची पाती लांब, रुंद आणि मोठ्या टोकाची असतात, तर १६६० च्या दशकातील पात्यांना फारच थोडा बाक असतो. मात्र अनेक लांब तलवारी पुढच्या पिढ्यांनी मुठीकडून कापून आखूड केल्या. त्यात मूळ सही गेली आणि बाकाचे प्रमाणही बदलले, म्हणून केवळ घाटावर विसंबता येत नाही.

घाटाहून अधिक माहिती पोलाद देते. लोखंडयुक्त वाळू आणि कोळसा ‘तातारा’ नावाच्या मातीच्या भट्टीत घालून पारंपरिक पोलाद तयार होते. ते एकजिनसी नसते, त्यात कर्बाचे प्रमाण जागोजागी वेगळे असते. लोहार ते ठोकून, दुमडून, पुन्हा जोडतो. दहा वेळा दुमडले तरी हजाराहून जास्त थर होतात. नीट उजाळलेल्या पृष्ठभागावर या थरांची लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसते. तिला ‘हादा’ म्हणतात आणि ती घराण्यागणिक बदलते.

यानंतरची पायरी पाणी देण्याची, आणि माझ्या मते पारखीचा गाभा इथेच आहे. पात्यावर मातीचा लेप देतात, पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ. मग ते साधारण ७५० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पाण्यात बुडवतात. धार झटकन थंड होते आणि तिथे मार्टेन्साइट हा अतिशय कठीण स्फटिकप्रकार तयार होतो. पाठ सावकाश थंड झाल्यामुळे मऊ व चिवट राहते. मार्टेन्साइट जास्त जागा व्यापत असल्यामुळे धारेची बाजू फुगते आणि पाते पाठीकडे वाकते. तलवारीचा बाक बऱ्याच अंशी याच क्षणी पक्का होतो. कठीण आणि मऊ भागांच्या सीमेवर उमटणारी पांढुरकी आकृती म्हणजे ‘हामोन’.

हामोनमधले कण नुसत्या डोळ्यांनी वेगळे दिसत असतील तर त्यांना ‘निए’ म्हणतात, आणि ते इतके बारीक असतील की केवळ धुक्यासारखा पट्टा दिसेल, तर ‘निओई’. मासामुने या नामवंत लोहाराच्या सोशू परंपरेत निए ठळक असतात. बिझेनमध्ये निओईचे प्राबल्य असते, शिवाय हामोनच्या वर ‘उत्सुरि’ नावाची फिकट सावली दिसते. लोहाराने किती तापवले, माती कशी लावली आणि कोणत्या पोलादावर काम केले, याचा हा मागमूस असतो. सही छिन्नीने नंतर कोरता येते, पण सातशे वर्षांपूर्वीच्या भट्टीचा परिणाम असा वरून चढवता येत नाही. आम्लाने खोटा हामोन रेखाटतात खरा, परंतु पाते दिव्यासमोर तिरके धरले की निएची चमक नसलेली ती सपाट पांढरी रेघ उघडी पडते. दुसऱ्या महायुद्धात मोठ्या संख्येने तयार झालेल्या अनेक लष्करी तलवारींना पाण्याऐवजी तेलात थंड केले जाई. त्यांच्या हामोनमध्ये असे बारकावे सहसा आढळत नाहीत.

एवढे झाल्यावर नाकागो उघडतात. तिथला जुना गंज काळसर, घट्ट आणि एकसारखा असतो, तर कृत्रिम गंज बहुधा लालसर व डागाळ दिसतो. कानशीचे ओरखडे कोणत्या दिशेने आहेत हेही घराण्याची ओळख पटवते. प्रसिद्ध लोहारांच्या खोट्या सह्या शतकानुशतके कोरल्या गेल्या आहेत, त्यामुळे सही पात्याशी जुळली नाही तर पात्याची साक्ष ग्राह्य धरतात. हा गंज कोणी घासून काढला तर वयाचा पुरावा कायमचा जातो आणि तलवारीची किंमतही कोसळते. घरी अशी तलवार असलेल्यांनी नाकागोला हात लावू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. किमतीवर दोषांचाही मोठा परिणाम होतो. धारेला काटकोनात गेलेली केसाएवढी चीर सर्वांत घातक समजली जाते, आणि आगीत सापडलेल्या पात्याला पुन्हा पाणी दिलेले असेल, तर त्याचा हामोन मूळ लोहाराचा राहत नाही.

विसाव्या शतकात धातुशास्त्रज्ञ तावारा कुनिइची यांनी तलवारींचे छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला. आता पाते न कापता आत डोकावता येते. फ्लॉरेन्सच्या स्टिबर्ट संग्रहालयातील जपानी तलवारींवर ब्रिटनमधील आयसिस केंद्रात न्यूट्रॉनचे झोत सोडून त्यांतील कर्बाचे प्रमाण आणि स्फटिकरचना मोजण्यात आली आहे. ज्यांचे घराणे व काळ निश्चित आहेत अशा तलवारींची मोजमापे जितकी साठतील, तितकी सही नसलेल्या पात्यांची तुलना भक्कम पायावर करता येईल.