बाळाचा विकास मागे पडतोय असं वाटतंय? डीईआयसी तपासणी, यूडीआयडी आणि निरामय: पात्रता, कागदपत्रं, अर्ज

"त्याचा बाप पण उशिराच बोलला होता." हे वाक्य ज्या घरात ऐकू येतं, तिथे तपासणी हमखास पुढे ढकलली जाते. कुणी म्हणतं मुलगे उशिरा बोलतात, कुणी म्हणतं अंगाने जाड आहे म्हणून चालत नाही. यात सहा-आठ महिने निघून जातात, आणि पहिल्या तीन वर्षांत तेवढा काळ फार मोठा असतो. म्हणून सुरुवातीलाच सांगते: डीईआयसीत, म्हणजे सरकारी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात बाळाची विकास-तपासणी आणि थेरपी सुरू करायला दिव्यांगत्वाचा दाखला लागत नाही, निदानही लागत नाही. आई-वडिलांना शंका आली एवढं कारण पुरेसं आहे. आधी दाखल्यासाठी धावपळ आणि मग उपचार, हा क्रम चुकीचा आहे.

शंका कधी घ्यावी

गरोदरपणात मिळालेलं माता व बाल संरक्षण कार्ड काढा. लसीकरणाच्या पानापलीकडे बहुतेक घरांत कुणी जात नाही, पण बाळाने कोणत्या महिन्यात काय करायला हवं याची चित्रं त्याच कार्डात आहेत. साधारण दोन महिन्यांत बाळ ओळखीच्या चेहऱ्याकडे बघून हसतं. चौथ्या महिन्यापर्यंत मान धरतं, आठव्या-नवव्या महिन्यात आधाराशिवाय बसतं. वर्षाच्या आसपास एखादा अर्थपूर्ण शब्द येतो. दीड वर्षापर्यंत चालायला हवं आणि दोन वर्षांपर्यंत 'आई ये', 'पाणी दे' असे दोन शब्द जोडता यायला हवेत. रांगण्यावर फार अडून बसू नका, काही निरोगी मुलं न रांगताच उभी राहतात.

पुढे-मागे होणं चालतं, पण काही खुणा दिसल्या तर वाट पाहू नये. पाच महिने झाले तरी मान लटपटते. दहा महिने झाले तरी आधाराशिवाय बसत नाही. वर्ष झालं तरी बोटाने दाखवणं नाही, टाटा करणं नाही, हाक मारली तर वळणं नाही. तीन महिन्यांनंतरही मुठी सतत आवळलेल्या आणि अंगठा आत. दीड वर्षाच्या आतच एकाच हाताचा वापर: याचं घरात कौतुक होतं, 'डावखुरा होणार' म्हणतात, पण दुसरा हात कमजोर आहे का हे बघायला हवं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, येत असलेली गोष्ट बंद होणं. चार शब्द बोलणारं मूल गप्प झालं तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या.

बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर वय दुरुस्त करून मोजायचं. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ आठ आठवडे आधी आलेलं असतं. ते आठ महिन्यांचं झालं की विकासाच्या हिशेबाने साधारण सहा महिन्यांचं धरायचं. ही सवलत दोन वर्षांपर्यंत द्यायची.

बोलणं उशिरा असेल तर कानांची तपासणी आधी. "भांडं पडलं की दचकतो, म्हणजे ऐकू येतंय" हा निष्कर्ष धोक्याचा आहे. मोठा दणका ऐकू येणाऱ्या मुलाला 'स', 'फ' सारखे बारीक आवाज येत नसतील, तर त्याच्या कानावर पडणारी भाषा अर्धवट असते. "मोबाईलमुळे बोलत नाही" असं म्हणून कान न तपासता राहिलेली मुलं असतात, हे मनाला फार लागतं. बाळाच्या ऐकण्याची चाचणी पहिल्या महिन्यात, दोष आढळल्यास निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपाय सहाव्या महिन्यापर्यंत, असा वैद्यकीय दंडक आहे.

कोण पात्र आहे

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणजे आरबीएसके, फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो आहे. जन्मजात व्यंग, पोषणाची कमतरता, बालपणातले आजार आणि विकासातला विलंब या चार गोष्टी त्यात शोधल्या जातात. नवजात बाळाला सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंच्या घरभेटीत तपासतात. सहा आठवड्यांपासून सहा वर्षांपर्यंतची मुलं अंगणवाडीत, त्यापुढची सरकारी आणि अनुदानित शाळांत. तपासणी आणि पुढचे उपचार मोफत असतात.

आरबीएसकेचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. मार्चमध्ये गाडी चुकली आणि पुढच्या फेरीची वाट बघत बसलात, तर बाळाच्या आयुष्यातलं अर्धं वर्ष गेलं. बाळाचं नाव अंगणवाडीत नसेल तर सेविकाताईंना सांगून नोंदवून घ्या, पण पथकासाठी थांबू नका. जिल्हा रुग्णालयात बालरोग ओपीडीचा केसपेपर काढा आणि बाळाला डीईआयसीत पाठवा असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. प्रसूती खासगी दवाखान्यात झाली असेल तरी हाच रस्ता.

डीईआयसीत जाताना

पथकाने दिलेली संदर्भ चिठ्ठी असल्यास ती, माता व बाल संरक्षण कार्ड, प्रसूतीच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, जन्मदाखला, बाळाचं आधार असल्यास ते, नाहीतर आई-वडिलांपैकी एकाचं. आधीचे रिपोर्ट आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या. रेशनकार्डही बरोबर ठेवा, पुढे एखादी शस्त्रक्रिया योजनेतून करायची झाली तर लागतं. यातलं डिस्चार्ज कार्ड सगळ्यांत मोलाचं. बाळ जन्मल्यावर लगेच रडलं का, वजन किती होतं, काचेत ठेवलं होतं का, कावीळ किती वाढली होती, हे सगळं त्यावर असतं आणि डॉक्टरांचा पहिला प्रश्न तिथूनच सुरू होतो. हरवलं असेल तर त्या दवाखान्यातून नक्कल मागा. शिवाय घरी बाळ खेळताना, जेवताना, चालताना मोबाईलवर छोटे व्हिडिओ काढून न्या. अनोळखी खोलीत मूल रडून बसतं आणि येत असलेलंही करत नाही.

एकाच छताखाली बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा व श्रवण तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, नेत्रतपासनीस, विशेष शिक्षक अशी पदं या केंद्रात ठेवलेली आहेत. प्रत्यक्षात सगळी पदं भरलेली असतीलच असं नाही, त्यामुळे कोणता तज्ज्ञ कोणत्या वारी बसतो हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या. तपासणी बघायला खेळासारखी वाटते. वर्षाच्या बाळासमोर टेबलावर एखादा चुरमुरा किंवा बेदाणा ठेवतात. बाळ तो पूर्ण पंजाने ओढतं की अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत उचलतं, यावरून हाताचं बारीक काम कळतं. मानसशास्त्रज्ञ अडीच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी डीएएसआयआय ही भारतीय मुलांवरून बेतलेली चाचणी वापरतात. तिची मापं बडोद्यात प्रमिला फाटक यांनी ठरवली होती. अशा वेळी मुलाला "दाखव ना, घरी येतं ना तुला" असं पढवू नका. गुण मिळवायचे नसतात, गरज शोधायची असते.

थेरपीची तारीख मिळाली की घरी करायचे व्यायाम आई-वडिलांनी स्वतः शिकून घ्यायचे. केंद्रातल्या अर्ध्या तासापेक्षा घरच्या रोजच्या सरावाने जास्त फरक पडतो.

मग दाखला आणि यूडीआयडी

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारचं दिव्यांगत्व मोजलेलं आहे. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं), ऑटिझम (स्वमग्नता), श्रवणदोष, बौद्धिक दिव्यांगत्व त्यात येतं. दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांग व्यक्तीचं ओळखपत्र, यांसाठीचा अर्ज स्वावलंबन कार्ड पोर्टलवर ऑनलाइन करायचा. मुलाच्या वतीने पालक तो भरतात. पासपोर्ट आकाराचा फोटो, आधार आणि पत्त्याचा पुरावा लागतो, तपासणीसाठी रुग्णालय निवडावं लागतं. नोंदणी क्रमांक आला की तो जपून ठेवा, आणि नाव व जन्मतारीख आधार आणि जन्मदाखल्यावर अक्षरशः सारखी आहे ना हे आधीच बघा. एका वेलांटीच्या फरकाने पुढे चकरा मारायला लागू नयेत. ठरलेल्या दिवशी डीईआयसीचे सगळे रिपोर्ट घेऊन जा.

पाच वर्षांखालच्या मुलाच्या कागदावर डॉक्टर बौद्धिक दिव्यांगत्व न लिहिता 'ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले', म्हणजे विकासातला सर्वांगीण विलंब, असं लिहितात आणि दाखला तात्पुरता, मुदतीचा देतात. पालक यावर नाराज होतात, पण ते मुलाच्या हिताचं आहे: या वयात मूल बदलतं, कायमचा शिक्का लावायची घाई नको. मुदत संपण्याआधी फेरतपासणीची वेळ घ्या. ४० टक्के किंवा त्याहून जास्त प्रमाण असेल तर एसटी भाड्यातली सवलत मिळते, आणि थेरपीसाठी तालुक्याहून जिल्ह्याला येणाऱ्यांना तिचा मोठा आधार होतो.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुदिव्यांगत्वाचा दाखला असेल तर राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या 'निरामय' आरोग्य विम्यासाठी अर्ज करा. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण असतं, त्यात ओपीडी आणि थेरपीचा खर्चही धरतात, आणि विम्याआधी वैद्यकीय चाचणी नसते. न्यासाकडे नोंदलेल्या जवळच्या संस्थेमार्फत अर्ज जातो. दाखला, आधार, बँक पासबुक आणि दारिद्र्यरेषेखाली असल्यास तसा पुरावा जोडावा. दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं. थेरपीच्या प्रत्येक बैठकीची शिक्का-सहीची पावती त्याच दिवशी मागून घ्या, परताव्याचा दावा तिच्यावरच उभा राहतो.